दयामरण, वारस आणि डामाचा कागद : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आपण बेशुद्ध झाल्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते थांबवावेत हे जिवंतपणीच लिहून ठेवायच्या वैद्यकीय इच्छापत्रावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्यामुळे आभाराच्या दोन ओळींवर भागवणे बरे दिसणार नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे : निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मरण येऊ देण्याला, मान्यता देऊन न्यायालयाने सातबाऱ्यावर डोळा ठेवून बसलेल्या वारसांच्या हाती हत्यार दिले, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी, हल्ल्यानंतर शेवटपर्यंत अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांची जी सेवा केली तिच्यापुढे माझे सारे युक्तिवाद फोल आहेत, आणि आज नळी काढायला परवानगी दिली की उद्या जीव घेणाऱ्या इंजेक्शनची मागणी येणारच. शेवटी, मी स्वतः असे इच्छापत्र केले आहे का, असाही आपला प्रश्न आहे.

वारसांपासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथेच आहे. असा कायदा नसता तर रुग्ण सुरक्षित राहिला असता, हे आपण गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. आयसीयूचे बिल रोज वाढत असते, दागिने गहाण पडलेले असतात, डॉक्टर ‘बघू या’च्या पलीकडे काही बोलत नाहीत, आणि एका संध्याकाळी नातेवाईक ‘डामा’ घेतात. म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला घरी नेत असल्याच्या कागदावर सही करतात. घशातली नळी तशीच असते, रुग्णवाहिकेत कोणीतरी श्वास चालू ठेवणारी अँब्यू बॅग हाताने दाबत बसलेला असतो, आणि घरी सोप्यात घातलेल्या अंथरुणावर रुग्णाला ठेवले की ती नळी निघते. तोंडात तुळशीपत्र आणि पाणी घातले जाते. पण धाप लागलेल्या त्या माणसाचा जीव शांत करणारे मॉर्फिन मात्र कोणी दिलेले नसते. सही करणारा मुलगा कर्जाने पिचला होता की वाटणीसाठी उतावीळ होता, हे कोणी विचारत नाही. आपल्याला ज्या वारसाची भीती वाटते त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची गरज कधीच नव्हती.

याउलट ९ मार्च २०१८ च्या निकालाने आणि २४ जानेवारी २०२३ च्या दुरुस्तीने जी पद्धत घालून दिली, तिच्यात वारसाच्या एकट्याच्या सहीला किंमत नाही. इच्छापत्र सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या व्यक्तीने स्वतः, दोन साक्षीदारांसमोर करायचे आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचे असते. मन बदलले तर ते केव्हाही लेखी रद्द करता येते. ते अमलात आणण्यापूर्वी उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ बसते. त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेल्या डॉक्टरांसह दुसरे मंडळ बसते, ज्यात पहिल्या मंडळातले कोणी नसते. निर्णय अमलात येण्याआधी दंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते आणि मंडळांनी नकार दिला तर उच्च न्यायालयाचा दरवाजा उघडा राहतो. ही पद्धत किचकट आहे, ही टीका मी समजू शकतो. ती वारसांना मोकळे रान देणारी आहे, ही टीका मात्र टिकत नाही.

अरुणा शानबाग यांच्याबाबत मात्र आपण आणि मी फारसे दूर नाही. २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यापासून १८ मे २०१५ पर्यंत त्या केईएममध्ये अंथरुणाला खिळून होत्या, आणि एवढ्या काळात त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण (पडून राहिल्याने होणारी जखम) होऊ दिला गेला नाही. ज्याने घरात एखादा पेशंट दर दोन तासांनी कुशीवर वळवला आहे, त्यालाच या वाक्याचे वजन कळेल. अरुणा यांना मरण येऊ द्यावे अशी लेखिका पिंकी विराणी यांची याचिका ७ मार्च २०११ रोजी फेटाळताना न्यायालयाने या परिचारिका आणि डॉक्टरांनाच अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार दिला, आणि तो मला योग्यच वाटतो. त्या वेळी अरुणा व्हेंटिलेटरवर नव्हत्या. भरवलेल्या किंवा नळीवाटे दिलेल्या अन्नावर होत्या. पण या साऱ्या वादात स्वतः अरुणा यांचे एकही वाक्य नव्हते, आणि असण्याची शक्यताही नव्हती. परिचारिका प्रेमापोटी बोलत होत्या, याचिकाकर्ती करुणेपोटी बोलत होती. इच्छापत्राची तरतूद ही पोकळी भरण्यासाठी आहे. ‘मला शेवटपर्यंत सगळे उपचार हवेत’ असे ज्याला वाटते त्यानेही ते लिहून ठेवावे, घरच्यांची तेवढीच घालमेल वाचेल.

आता इंजेक्शनचा मुद्दा. उपचार थांबवले तर माणूस ‘आजाराने’ जातो आणि इंजेक्शनने ‘डॉक्टरामुळे’ जातो, हा नेहमीचा खुलासा मला अर्धाच पटतो, कारण नळी काढणारा हातही माणसाचाच असतो. मला फरक दिसतो तो अधिकाराचा. नको असलेला उपचार नाकारणे हा सज्ञान माणसाचा आधीपासूनचाच हक्क आहे आणि इच्छापत्र तो बेशुद्धीतही शाबूत ठेवते. इंजेक्शनसाठी मात्र जीव घेण्याचा नवा अधिकार डॉक्टरला द्यावा लागेल. आपल्याकडे संमतीने केलेला वधही गुन्हाच आहे, आणि आत्महत्येला साहाय्य करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे सध्या बदलू नये, याच मताचा मी आहे.

घसरणीची आपली भीती कॅनडाकडे पाहिले तर निराधार वाटत नाही. तिथे मरणासाठी वैद्यकीय मदतीला मुभा देणाऱ्या २०१६ च्या कायद्यात मृत्यू नजीकच्या काळात अपेक्षित असण्याची अट होती. २०२१ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. गिरगावातल्या ज्या वृद्ध दांपत्याने गंभीर आजार नसताना राष्ट्रपतींकडे मरणाची परवानगी मागितली होती, त्यांचे पत्र मला फार अस्वस्थ करून गेले. अपत्य नाही, पुढे कोणावर भार व्हायचे नाही, हे त्यांचे कारण होते. ‘भार’ हा शब्द जिथे म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी इतक्या सहज येतो, तिथे मरणासाठी मदत कायदेशीर करणे म्हणजे अनेकांना ती न मागता देऊ करणे ठरेल. वांद्र्याच्या शांती आवेदना सदनासारखी वेदनाशामक सेवा तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत ‘स्वेच्छेने’ या शब्दावर मी विसंबणार नाही.

मृत्यू माणसाच्या हाती नसावा, हीच आपली परंपरा, असे आपण लिहिता. १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध नाकारले होते. तो दाखला अनुकरणासाठी देत नाही. पण परंपरेचा कौल एकतर्फी नाही, एवढे त्यावरून दिसते.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर : होय, केले आहे, नोटरीकडून साक्षांकित करून. माझ्या वतीने बोलण्यासाठी त्यात दोघांची नावे आहेत, आणि आपली शंका माझ्याही मनात असल्यामुळे त्यातल्या एकाला माझ्या मालमत्तेत कवडीचाही वाटा नाही. एक प्रत आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे आहे. दुसरी, अशी इच्छापत्रे जपण्यासाठी नेमलेल्या नगरपालिकेच्या अधिकाऱ्याकडे देताना तिथल्या कारकुनाने ती आधी मृत्यू नोंदणीच्या खिडकीकडे पाठवली होती, हे मात्र सांगायला हवे.