टॅब वाटले की शाळा सुधारते?

'झेडपीच्या प्रत्येक मुलाच्या हातात टॅब द्या. मुलं आपोआप शिकतील, शिक्षकांची कमतरता भरून निघेल, दप्तराचं ओझं जाईल, आणि खर्च एकदाच! पष्टेपाड्याने करून दाखवलंय.' हा मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. (पष्टेपाडा म्हणजे ठाणे जिल्ह्यातली, टॅबवर शिकवणारी झेडपीची शाळा.) एकेक मुद्दा घेऊ.

मुलं आपोआप शिकतील? पेरू देशाने नेमकं हेच करून पाहिलं. तिथल्या खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत मुलांसाठी खास बनवलेले छोटे लॅपटॉप वाटले. (तसलेच हिरवे-पांढरे लॅपटॉप 2007 मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यावरही आले होते.) पेरूतल्या 319 शाळांचा अभ्यास 2012 मध्ये आला. मुलांचा संगणकाचा वापर भरपूर वाढला होता, गणितात आणि भाषेत मात्र फरक दिसला नाही. पी हळद अन् हो गोरी, असं इथे चालत नाही.

शिक्षकांची कमतरता? इथे समोरच्या बाजूलाही एक दमदार पुरावा आहे. दिल्लीत शाळेबाहेरच्या केंद्रांवर मुलांना संगणकावर त्यांच्या त्यांच्या पातळीचीच गणितं आणि भाषेचे धडे दिले, सहावीतल्या मुलाला तिसरीचं जमत नसेल तर तिसरीचं. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही स्पष्टपणे सुधारले. पण दीड तासाच्या त्या वर्गात अर्धा वेळ माणूस शिकवत होता, दहा-पंधरा मुलांच्या गटाला. मेसेजमध्ये हा माणूसच गाळलाय.

खर्च एकदाच, हे लिहिणाऱ्याने शाळेत पाऊल टाकलेलं दिसत नाही. तीस टॅब म्हणजे तीस चार्जर. वर्गात प्लग दोन, त्यातला एक सैल. वर्षभरात चार्जिंगच्या पिना ढिल्या होतात, काचा तडकतात, अपडेट मात्र प्रत्येक टॅबवर वेगळं करावं लागतं. ते कोण करणार? गुरुजी. पोषण आहाराची रोजची माहिती स्वतःच्या मोबाइलवरून भरून झाली की मग. आणि स्वस्तातला टॅब घ्यायचा तर 2011 चा 'आकाश' आठवा. कॉलेजच्या मुलांसाठी आणलेला, सरकारला सव्वादोन हजारांच्या आसपास पडलेला. पहिल्या आवृत्तीची स्क्रीन बोटाने जोर देऊन दाबावी लागायची, आणि 256 एमबी रॅमवर तो रांगत चालायचा.

दप्तराचं म्हणाल तर त्याला टॅब कशाला? वेळापत्रक नीट लावलं आणि वह्या शाळेत ठेवल्या तरी ते हलकं होतं.

राहिलं पष्टेपाडा. शहापूर तालुक्यातल्या त्या शाळेचं कौतुक व्हायलाच हवं. पण तिथे आधी एक खटपट्या शिक्षक होता, मग गावाची साथ आली. मेसेजवाल्यांना त्यातला फक्त टॅब दिसला. पैसे असतीलच तर पहिला टॅब गुरुजींना द्या, आणि मुलांसाठी चार-पाच जणांत एक पुरे. मात्र त्यात कोणता धडा, कुणासाठी, हे खरेदीचं टेंडर निघण्याआधी ठरू दे.