मंदीत घर घ्या, पण वकील तेवढा टाळा

मंदी आली म्हणता? मग थांबलात कशाला, फ्लॅट बुक करा! नोकरी पुढच्या दिवाळीपर्यंत टिकेल की नाही ठाऊक नसताना वीस वर्षांचं कर्ज काढायला वाघाचं काळीज लागतं. ते तुमच्याकडे आहे, हे एजंटने पहिल्याच फोनवर ओळखलेलं असतं.

2020 साल आठवा. कोरोनाने बाजार झोपवला आणि सरकारने मुद्रांक शुल्क 3 टक्क्यांनी उतरवलं. मुंबईत 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 5 चे 2 टक्के, मग मार्चअखेरपर्यंत 3 टक्के. डिसेंबरपर्यंत घेतलेल्या ऐंशी लाखांच्या फ्लॅटमागे थेट 2 लाख 40 हजारांची बचत. अख्खा महाराष्ट्र तोंडाला मास्क लावून नोंदणी कार्यालयाच्या जिन्यात उभा होता. शुल्क डिसेंबरात भरून दस्त पुढच्या चार महिन्यांत नोंदवायची सोय होती म्हणा, पण रांगेत चेंगरल्याशिवाय सवलत मिळाली असं आपल्याला वाटत नाही.

तर एवढे पैसे वाचवल्यावर टायटल सर्चसाठी, म्हणजे मालकी तपासायला, वकिलाला वीस-पंचवीस हजार द्यायचे? छे! वकील म्हणजे शुभकार्यात शिंकणारा माणूस. तीस वर्षांचे दस्त काढून बसणार, फेरफार, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदी, मागणार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन चौदा दिवस हरकतींची वाट बघणार. तोवर एजंट सांगतोय की याच फ्लॅटवर अजून दोन पार्ट्यांचा डोळा आहे. मंदीत, ज्या इमारतीत रात्री चारच खिडक्यांत दिवे लागतात, तिथे दोन पार्ट्या. विश्वास ठेवा.

सातबारा पाहायचाच असेल तर दुरून पाहावा, चंद्र पाहतात तसा. जवळून पाहण्याची चूक मी केली होती. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी टोकन द्यायला गेलो, तर जमिनीच्या सातबाऱ्यावर मालकाच्या नावापुढे लिहिलेलं: ए.कु.मॅ. मी विचारलं, हे काय? एजंट क्षणभरही न अडखळता म्हणाला, ‘डिग्री असेल हो त्यांची.’

ती डिग्री म्हणजे ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’. जमीन एकट्याची नाही, हा गृहस्थ कुटुंबाच्या वतीने नावावर आहे. भाऊ, बहिणी, पुतणे पडद्याआड आहेत आणि जमिनीला भाव आला की एकेक करून रंगमंचावर येतात. शेजारच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात कुणा बँकेचा बोजाही होता. एजंट म्हणाला, बँकेने कर्ज दिलंय म्हणजे कागद क्लिअरच असणार ना! या तर्काला उत्तर नाही. टोकन न देता मी निघालो तेव्हा लिफ्टपर्यंत सोडायलाही तो आला नाही.

तुम्ही मात्र द्या. रेरा या बिल्डरांना वेसण घालणाऱ्या कायद्याचं कलम 13 म्हणतं की करार नोंदवल्याशिवाय बिल्डरने 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये. पण बिल्डर मंदीत आहे, त्यालाही पोरंबाळं आहेत. तीस टक्के देऊन टाका, वर पावती मागून त्याचं मन दुखवू नका.

मग एकदाची नोंदणी. कोंदट खोली, एक वेबकॅम, ‘चष्मा काढा’, ‘अंगठा परत’. तुम्हाला ओळखतो असं सांगणारे दोन साक्षीदार एजंटच हजर करतो. तुमची-त्यांची ओळख बाहेरच्या चहाच्या टपरीवरची, पाच मिनिटांपूर्वीची. तीन अंगठे, चार फोटो, नोंदणी फी जास्तीत जास्त 30 हजार, आणि हातात इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदल्याचा उतारा. आता मालकीला सरकारी शिक्का बसला असं समजून पेढे वाटा. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणारा खरा मालक आहे की नाही हे तपासत बसत नाही, असली कटकट पेढे संपेपर्यंत कुणी काढू नये.

समजा मंदी लांबली आणि बिल्डर दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात पोचला, तरी घाबरू नका. दिवाळखोरी कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीने फ्लॅटधारक वित्तीय धनको, म्हणजे बिल्डरला पैसे देणारा, ठरतो. जन्मभर कर्जाचे हप्ते भरणारा माणूस एका फटक्यात सावकार! फक्त बिल्डरविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज तुम्हालाच करायचा असेल तर 2020 पासून एकाच प्रकल्पातले शंभर जण किंवा एकूण ग्राहकांपैकी दहा टक्के जमवावे लागतात. त्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुप आहेच, गुड मॉर्निंगची फुलं बाजूला सारून.

आणि नशिबाने ताबा मिळालाच, तर कन्व्हेयन्सचं नाव काढू नका. मोफा या राज्याच्या फ्लॅट-मालकी कायद्यानुसार सोसायटी नोंदली की चार महिन्यांत जमीन तिच्या नावावर करून द्यायची असते. बिल्डरने चार महिने कोणत्या पंचांगाचे धरायचे हे कायद्याने सांगितलेलं नाही, असं आपल्याकडचे बिल्डर मानतात. इमारत म्हातारी होते, गच्ची गळते, पुनर्विकासाची वेळ येते, तेव्हा कळतं की खालची जमीन अजून त्या ए.कु.मॅ. साहेबांच्याच नावावर आहे.

मग वार्षिक सभेत विषय निघेल. सेक्रेटरी सांगतील, मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरशिवाय जमीन नावावर करून घ्यायच्या डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचाय, वकील नेमायचाय, प्रत्येकी पाच हजार काढा. खोलीत शांतता पसरेल. सामोसा खाली ठेवून तुम्हीच पहिले उठा आणि म्हणा, ‘कशाला हो वकील? माझ्या ओळखीचा एक एजंट आहे.’