जतचा टँकर आणि तुर्कस्तानची ब्लँकेटं

गुरुजी, नमस्कार. उत्तराला आठ दिवस लागले. तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतंच, ते शोधायला जावं लागलं. त्यावर शेवटी येतो.

मागच्या लेखात मी सांगलीतल्या एका छोट्या ट्रस्टचं कौतुक केलं होतं. इथल्या पोरांची फी, डोळ्यांची शिबिरं, आणि फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर तुर्कस्तानला धाडलेली ब्लँकेटं. त्यावर तुम्ही लिहिलंत, “जतच्या पूर्व भागात टँकरची वाट बघतात माणसं आणि ह्यांना तुर्कस्तान दिसतो. कर चुकवायचे धंदे सगळे. तुम्ही हिशेब बघितलात का?”

टँकरचं शंभर टक्के खरं. पण म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्यासाठी ‘कर्नाटकात जातो’ म्हणण्याची पाळी आली तुमच्या जत तालुक्यातल्या गावांवर, ती काय ब्लँकेटांमुळे? पंपगृहं, कालवे, विजेची बिलं हे सरकारी तिजोरीचं काम. ट्रस्टच्या डब्यातून ते व्हायचं नाही.

आणि एक विचारतो, राग मानू नका. जतला कुणाचं मोठं ऑपरेशन निघालं की गाडी कुठे वळते? मिरजेला. ती मिरज वैद्यकीय पंढरी झाली त्याची सुरुवात वॉन्लेस नावाच्या कॅनडात जन्मलेल्या डॉक्टरानं केली. १८९४ साली मिशनचं हॉस्पिटल उभं राहिलं ते अमेरिकेतून आलेल्या देणग्यांवर. धर्मप्रसाराचा हेतू होता, नाकारत नाही. पण तिकडच्या कुणी ‘आधी आपल्या गावचं बघा’ म्हणून देणग्या अडवल्या असत्या तर? आपल्याकडूनही माणसं गेलीच की. १९३८ मध्ये चीनला पाच डॉक्टर गेले, त्यात सोलापूरचे कोटणीस होते. तेव्हा आपण पारतंत्र्यात होतो, सुबत्ता तर नव्हतीच. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले.

२०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. तेव्हा कुठकुठून ट्रक आले होते, आठवतं ना? (त्यातले निम्मे जुन्या कपड्यांचे. फाटके स्वेटर, एकेकटे बूट. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! ते ढीग उपसताना पाठ मोडली आमची. म्हणून नवी ब्लँकेटं मोजून पाठवणारी माणसं मला आवडली.)

कराचं मात्र तुमचं उलटं झालंय. धर्मादाय संस्थेनं पैसा भारताबाहेर खर्च केला तर त्यावर करसवलत सहजासहजी मिळत नाही, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी लागते. चुकवायचाच असता तर कुणी हा रस्ता धरला नसता. ह्यांनी तर ट्रस्टच्या खात्याला हातही लावला नव्हता, सभासदांनी पदरचे पैसे काढले.

आता हिशेब. नव्हता बघितला. कौतुक लिहायच्या नादात विचारलंच नाही, तिथे तुम्ही बरोबर पकडलंत. गेल्या शनिवारी गावभागातल्या त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो. गंमत अशी की तुर्कस्तानची फाईल लख्ख निघाली. खरेदीची बिलं, नगांची यादी, पोच, सगळं जागेवर. घोळ निघाला इथल्या शिबिरांत. चष्मे किती, जेवणावळ किती, जीपचं भाडं किती, सगळं ‘इतर खर्च’ ह्या एका ओळीत कोंबलेलं. कुणी खाल्लं असं वाटलं नाही मला. आळस, दुसरं काय. आपल्याच गावात कोण विचारतंय, असा. सचिव म्हणाले, “आम्ही धर्मादाय कार्यालयात ऑडिट भरतो की.” म्हटलं, भरता, पण वर्गणी देणाऱ्याला दाखवता का? गप्प बसले. मग म्हणाले, यंदापासून शिबिरनिहाय हिशेब दाराशी फळ्यावर लावतो.

लावला की फोटो इथे टाकेन. नाही लावला तर तेही लिहीन. तुम्ही सांगलीला येणार असाल तर आधी कळवा, दोघं मिळूनच जाऊ.