‘घोटभर पाणीही देत नाहीत’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

काकांच्या उपचारांबद्दलचा तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला, नंतर झोप लागली नाही. बोलण्याचे आणि गिळण्याचे उपचार करणाऱ्या आमच्या थेरपिस्टचा आवाज सगळ्यांसमोर चढला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. तसं व्हायला नको होतं.

पण ‘तहानलेल्या माणसाला घोटभर पाणीही देत नाहीत’ हे फार लागलं. काकांच्या तब्येतीचं इथे लिहू नये, पण तुम्हीच सगळं लिहिलंय म्हणून बोलते. पाणी आम्ही नाकारलं नव्हतं. ताठ बसवून, दाट करून, चमच्याने दिलं होतं. थांबवलं ते बाटलीचं पाणी, आणि तेही काका खुर्चीत मागे रेललेले असताना. पक्षाघातानंतर गिळण्याची हालचाल बऱ्याचदा उशिरा सुरू होते, आणि पातळ पाणी तर सरसर खाली उतरतं. श्वासाची वाट बंद व्हायच्या आतच ते आत शिरू शकतं. ‘त्यांना साधा ठसकाही लागला नाही’ असं तुम्ही लिहिलंय. सर, भीती त्याचीच होती! घशाची जाणीव कमी झाली असेल तर पाणी फुफ्फुसाकडे गेलं तरी ठसका लागत नाही. प्यायल्यावर काकांचा आवाज ओला, घरघरता आला, तो ऐकून थेरपिस्ट धावली. अशातूनच न्यूमोनिया होतो. हे पहिल्याच दिवशी समजावलं होतं, तेव्हा तुम्ही फोनवर होतात. कामाचा असेल, तक्रार नाही.

‘40 मिनिटं नुसतं आऽ म्हणायला लावलं’, तर त्या आऽ वरूनच आवाज कसा निघतोय ते कळतं. आणि चित्रं दाखवली ती काकांना लहान मूल समजून नव्हे. त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द वेळेवर सापडत नाही. चित्र बघून तो सापडायला मदत होते. त्या दिवशी दोन शब्द आलेही. त्याबद्दल अभिप्रायात एक ओळ नाही, असो.

पाण्याची सूचना मोठ्या अक्षरांत लावू, नातेवाइकांशी नीट बोलण्याचंही काहीतरी बघतो. तारे वाढवा असं म्हणत नाही, पण लोक तेवढंच वाचून फोन करत नाहीत, आणि आमचं केंद्र लहान आहे.

काकांची पुढची वेळ अजून कुणाला दिलेली नाही. बाटली आणलीत तरी चालेल, फक्त आमच्या हातात द्या.