नेतृत्व नंतर, आधी हप्ता

भारत सरकारची, मुख्यतः अनुसूचित जातींच्या मुलांसाठी असलेली राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती घेऊन ब्रिटनमध्ये शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला राहण्या-खाण्यासाठी वर्षाला ९,९०० पौंड मिळतात. फी वेगळी, आणि पुस्तकं वगैरेंसाठी आणखी १,१००. म्हणजे जगायला महिन्याला ८२५ पौंड. ब्रिटिश सरकारचा विद्यार्थी-व्हिसाचा नियम सांगतो की लंडनमध्ये राहायचं तर महिन्याला १,५२९ आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड लागतात, आणि नऊ महिन्यांची ही रक्कम आधी दाखवा. लंडनबाहेरच्या नऊ महिन्यांचे झाले १०,५३९. आपल्या बारा महिन्यांच्या पैशात इथले नऊ महिनेही निघत नाहीत. सरकार खर्च उचलतंय असं पत्र असलं की व्हिसा अडत नाही, हे खरं. पण घरमालकाला त्या पत्राचं काय? त्याला आगाऊ भाडं हवं असतं, आणि ब्रिटनमध्येच राहणारा, इथे पगार घेणारा हमीदार हवा असतो.

मी कार्डिफला एका विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या पैशांच्या अडचणी पाहण्याचं काम करते. भारतातून येणाऱ्या मुलांत दोन प्रकार ठळक दिसतात: घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेली, आणि शिष्यवृत्तीच्या भरवशावर आलेली. पहिल्यांना व्याजाची धास्ती असते, दुसऱ्यांना शिष्यवृत्तीच्या हप्त्याची. हप्ता आला नाही म्हणून फी थकते, फी थकली म्हणून विद्यापीठाची स्मरणपत्रं सुरू होतात, आणि तोवर मुलानं भाड्यासाठी कोणाकडून तरी उसने घेतलेले असतात. हे इतक्या ठरल्या क्रमानं होतं की नोव्हेंबरमध्ये मेल उघडायच्या आधीच विषय कळतो.

तिकडे वाद चालतो तो सगळा ‘कोणाला’ यावर. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या, अनुसूचित जातींच्या मुलांसाठीच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला दहावी, बारावी आणि पदवी अशा तिन्ही ठिकाणी ७५ टक्क्यांची अट लावायचा घाट घातला गेला. गदारोळ झाला, सरकारला मागं यावं लागलं, आणि ते योग्यच झालं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीचे दहावीचे ६२ टक्के आणि क्लासच्या जोरावर मिळालेले ९२ टक्के एकाच फूटपट्टीनं मोजणं अन्यायाचं आहे, हे वेगळं सांगायला नको. उत्पन्नाची मर्यादा किती, विद्यापीठ जागतिक क्रमवारीत कितवं, बार्टी, सारथी आणि महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या सरकारी संस्थांचे निकष सारखे असावेत का, यावर लेख येतात, मोर्चे निघतात. पण निवड झालेल्या मुलाच्या हातात पैसे कधी पडले, हा प्रश्न बातमीत येतो तो फक्त प्रकरण हाताबाहेर गेल्यावर. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत १०६ जण निवडले गेले आणि पत्रं मात्र ४० जणांनाच मिळाली. उरलेल्यांना सांगण्यात आलं, निधी उपलब्ध झाला तर. बातम्या छापून आल्यावर हालचाल झाली. इथली सत्रं सप्टेंबरात सुरू होतात. त्या ‘तर’वर विद्यापीठ जागा राखून ठेवत नाही.

आमच्या इकडच्या मराठी मंडळींमध्येही या विषयावर जेवणाच्या टेबलावर चर्चा होते. तिचा सूर ठरलेला: आता जात कुठे राहिली, उत्पन्न बघून द्या ना. बोलणारे लोक चांगले आहेत, देणगीही देतात. पण त्यांना मी एकच विचारते. तुम्ही पहिल्यांदा या देशात उतरलात तेव्हा पहिल्या आठवड्यात फोन कोणाला केला होता? कोणाचा मामेभाऊ रेडिंगला होता, कोणाच्या वडिलांचे वर्गमित्र बर्मिंगहॅमला डॉक्टर होते. ते घ्यायला आले, सोफ्यावर झोपायला जागा दिली, भाडेकरारावर सही केली. उत्पन्नाच्या दाखल्यात हा मामेभाऊ दिसत नाही. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी शहरातही नव्हतं त्याला इथे ओळखीचं कोणीच नसतं, आणि मंडळाच्या गणपतीत प्रसाद देता देता पहिला प्रश्न येतो तो आडनावाचा. ‘म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?’ हा दुसरा. त्या मुलांतली बरीच दुसऱ्या वर्षी गणपतीला येत नाहीत.

‘नेतृत्व’ हा शब्द या सगळ्यात अलीकडे फार जोरात आला आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा, कामाचा अनुभव लागतो आणि अर्जात नेतृत्वगुणांवर निबंध लिहावा लागतो. ऑक्सफर्डच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीच्या मृत्युपत्रात तर १९०२ पासूनच पुढारपणाची भाषा आहे, आणि ते मृत्युपत्र करणारे साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्स आफ्रिकेत काय करून बसले होते तेही सगळ्यांना ठाऊक आहे. ओळखीपाळखीतून मुलं मला त्यांच्या निबंधांचे मसुदे पाठवतात. बीड जिल्ह्यातल्या एका मुलीचा मसुदा विसरता येत नाही. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. आईवडील ऊसतोडीला गेले की दिवाळीपासून शिमग्यापर्यंत घर तिच्या अंगावर: धाकटी भावंडं, आजी, रेशन, शाळा. शिवाय वस्तीवरच्या पाच-सहा कोयत्यांनी, म्हणजे ऊसतोड जोडप्यांनी, मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीचा हिशेब ती वेगळ्या वहीत ठेवायची, कारण मुकादमाच्या वहीवर कोणाचाच भरवसा नव्हता. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, लोक तिची वही घेऊन मुकादमापुढे बसत. नेतृत्वाच्या निबंधात तिनं काय लिहिलं होतं? ‘महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलन समितीची सदस्य.’ वहीची गोष्ट तिनं मला फोनवर सांगितली, तीही दुसऱ्याच विषयात, आवाज खाली करून.

हे निबंध तपासणाऱ्यांना ती वही दिसली तर कळेल, असं मला वाटतं. पण ती निबंधात आणायला कोणीतरी आधी सांगावं लागतं की ताई, हेच लिही. ते सांगणारा माणूस तालुक्याच्या गावी नसतो. यवतमाळमधून सुरू झालेली राजू केंद्रे यांची एकलव्य संस्था हेच काम करते. पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्यांना त्यांच्याच वाटेनं दोन पावलं पुढे गेलेली मुलं हात देतात. केंद्रे स्वतः चेव्हनिंग घेऊन लंडनला येऊन गेले. मला हे काम तीन दिवसांच्या शिबिरांपेक्षा कितीतरी खरं वाटतं. नेतृत्व विकास शिबिरं मी सुट्टीत गावी आले की पाहते. चार्टपेपर, रंगीत पेनं, डोळे मिटून मागे पडायचं आणि इतरांनी झेलायचं, शेवटी प्रमाणपत्र. मुलांना मजा येते, त्याला माझी हरकत नाही. पण देणगी देणाऱ्या कंपनीला पैसा फोटोत दिसायला हवा असतो, आणि खोलीचं वेळेवर भरलेलं भाडं फोटोत येत नाही. म्हणून शिबिराला पैसे मिळतात, भाड्याला मिळत नाहीत.

आणि ज्यांच्या नावानं आपण शिष्यवृत्तीची गोष्ट सांगतो त्यांचीच गोष्ट नीट वाचली तर काय दिसतं? १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांची. बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार. न्यूयॉर्कहून ते लंडनला आले, अभ्यास रंगात आला, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये तो अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. करार पाळायला ते बडोद्याला गेले, तर तिथे राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. डी. एससी. मिळाली १९२३ मध्ये. पण ‘मूकनायक’ निघालं होतं त्याआधीच, १९२० च्या जानेवारीत, आणि मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी लोकांना सांगून टाकलं होतं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. पदवीची आणि प्रमाणपत्राची वाट कोणी पाहिली नाही.

म्हणून ‘सरकारच्या पैशानं जातात आणि परत येत नाहीत’ ही तक्रार ऐकली की मला बडोदा आठवतं. परत आलेल्याला आपण काय देतो? मानववंशशास्त्रात किंवा शहर नियोजनात इथे उत्तम काम केलेली मुलं पुण्यात परतली की तासिका तत्त्वावर शिकवतात, नाहीतर कुठल्या तरी प्रकल्पात अकरा महिन्यांच्या करारावर लागतात. वर आणखी एक गंमत आहे. २०२२ पासून राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाजजीवन या विषयांवरचं संशोधन बसत नाही. कोलंबियात १९१६ मध्ये भारतातल्या जातींवर निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हा नियम लागू केला असता तर? विचारायचीही सोय नाही.

परदेशातून लिहिणाऱ्यानं ‘इथे बघा किती छान’ म्हणायचा रिवाज आहे. तो मला पाळता येणार नाही. इंग्लंडनं गरीब घरच्या विद्यार्थ्यांची निर्वाह अनुदानं २०१६ मध्ये बंद करून त्यांचं कर्ज केलं. ज्याच्या घरी काहीच नाही तो पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्याच्या डोक्यावर सगळ्यांत जास्त कर्ज असतं. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला ३० पौंडांपर्यंतचा शिक्षणभत्ता होता, तोही इंग्लंडनं २०११ मध्ये गुंडाळला. सेव्हर्न नदीचा पूल ओलांडून वेल्समध्ये आलात की तोच भत्ता अजून चालू आहे, आणि २०२३ पासून तो ४० पौंड झाला आहे. पैसे पंधरा दिवसांनी थेट मुलाच्या खात्यात जमा होतात. घरचं उत्पन्न कमी आणि हजेरी नीट असली की पुरे. माझ्या मुलाच्या वर्गातली दोन-तीन मुलं तो घेतात. बसचं भाडं निघतं, दुपारचं खाणं निघतं, शनिवारची दुकानातली पाळी एक कमी करता येते. कोणी त्यांना भाषण द्यायला उभं करत नाही, कोणाचा सत्कार होत नाही. रक्कम लहान आहे, पण ती कधी येणार हे त्या मुलाला माहीत असतं, आणि माझ्या मते तिचं सगळं मोल यात आहे.

दुसरी एक गोष्ट अमेरिकेतली, जिच्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. पॉसी फाउंडेशन ही संस्था न्यूयॉर्कमध्ये १९८९ मध्ये सुरू झाली, आणि तिचं मूळ एका मुलाच्या तक्रारीत आहे: माझे सोबती बरोबर असते तर मी कॉलेज सोडलं नसतं. संस्था एका शहरातली साधारण दहा मुलं निवडते, शाळेच्या शेवटच्या वर्षात काही महिने दर आठवड्याला त्यांना एकत्र बसवते आणि सगळ्यांना एकाच कॉलेजात पाठवते. शिकवणीची फी कॉलेज भरतं. त्यांच्यातली दहातली नऊ पदवी पूर्ण करतात.

यात आपल्याला नवं काही वाटायला नको. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं काढली; अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चं. भाऊराव पाटलांनी साताऱ्याला निरनिराळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली आणि कमवा-शिकाच्या कामाला जुंपली. एकेक हुशार मूल वेचून, त्याला शाल-श्रीफळ देऊन एकटं पाठवून देण्याची पद्धत नंतरची. बोर्डिंगातून बाहेर पडणाऱ्याला आयुष्यभर पुरतील इतके ओळखीचे लोक मिळत. परदेशी शिष्यवृत्तीच्या यादीत आज पंचाहत्तर किंवा सव्वाशे नावं असतात, पण ती पंचाहत्तर मुलं निघण्याआधी एकमेकांना भेटत नाहीत. विमानतळावर प्रत्येक जण एकटा.

सरकारकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. जाहिरात उन्हाळ्यात काढण्याऐवजी जानेवारीत काढावी, म्हणजे निवड आणि विद्यापीठाचं उत्तर एकाच वेळी हातात येईल. निर्वाहभत्ता त्या-त्या देशाच्या व्हिसाच्या आकड्याला बांधावा आणि तो आकडा वाढला की भत्ताही वाढावा. पहिल्या तीन महिन्यांचे पैसे मूल विमानात बसायच्या आधी द्यावेत. निवडलेल्यांना पुण्यात आठवडाभर एकत्र ठेवावं, आणि तिथे नेतृत्वावर व्याख्यानं न देता भाडेकरार कसा वाचायचा, बँक खातं कसं उघडायचं, मदत कोणाकडे मागायची, हे आधी गेलेल्या मुलांकडून शिकवावं. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. भत्त्याला लागेल, तो लागू दे.

आम्ही इकडचे काही जण मिळून एक छोटा निधी उभा करतो आहोत, हप्ता येईपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांसाठी बिनव्याजी उसने देणारा, आणि घरमालकाला हवा असलेला हमीदार शोधून देणारा. त्यातही वाद आहेतच. एकाला वाटतं परतफेडीचा कागद हवा. दुसऱ्याला वाटतं मुलाखत घेऊन ‘क्षमता’ पाहावी. मुलाखतीला मी ठाम विरोध केला आहे. ज्याला सरकारनं निवडलंय, विद्यापीठानं घेतलंय, त्याला खोलीच्या भाड्यासाठी आमच्यासमोर तिसऱ्यांदा आपली लायकी सिद्ध करायला लावायची नाही. परतफेडीच्या कागदावर अजून बोलणं चालू आहे. हमीदार म्हणून सही करायला मात्र आतापर्यंत चौघंच तयार झाले आहेत, आणि देणगी द्यायला चाळीस.