रस्त्याखालची पांढरी

परवा कॉर्कहून डब्लिनला निघालो होतो. फर्मॉयचा टोल भरला आणि मागच्या सीटवरून लेकीचा ठरलेला प्रश्न आला, "बाबा, इथे बघण्यासारखं काही आहे का?" म्हटलं, होतं. त्याच्यावरूनच तर हा रस्ता गेलाय.

इथला बायपास बांधायच्या आधी गोर्टोर नावाच्या जागी नवाश्मयुगातलं, म्हणजे इथल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या काळातलं घर सापडलं. घर म्हणजे भिंती-छप्पर डोळ्यांसमोर आणू नका. जेसीबीच्या दात नसलेल्या बकेटने वरची माती हलक्या हाताने खरवडत जायचं. मग खालच्या पिवळट मातीत एक काळपट पट्टा उमटतो. ओकच्या फळ्या उभ्या रोवायला कुणीतरी खणलेला तो चर. मध्ये खांबांचे खड्डे, कधी जळक्या लाकडाचा थर. आयर्लंडमधली त्या काळातली घरं अशीच चौकोनी, साधारण आपल्या वन बीएचकेएवढी.

खरी मजा पुढे आहे. या चरांमधली माती बादल्यांनी नेऊन पाण्यात कालवतात. माती तळाला बसते, कोळसा झालेले दाणे वर तरंगतात, ते बारीक चाळणीत धरायचे. हेझलनटची टरफलं असतात आणि गहू असतो. कुठला गहू? आपली खपली! आमच्या घरी खीर होते तीच. रेडिओकार्बनने काळ ठरवतानाही असाच दाणा किंवा टरफल घेतात. ओकचं खोड तोडतानाच दोन-तीनशे वर्षांचं असू शकतं, त्यामुळे त्याचा कोळसा घर आहे त्याहून जुनं दाखवतो. दाणा त्या वर्षीचाच. अशा तारखा जुळवल्यावर कळलं की या पद्धतीची घरं इ.स.पू. 3700 च्या पुढेमागे जेमतेम शंभर वर्षं बांधली गेली. तीन-चार पिढ्या, मग बंद. न्यूग्रेंजचं प्रसिद्ध थडगं अजून काही शतकं लांब होतं.

आता माझं मत, पटलं नाही तर भांडा. ही घरं सापडली त्यात रस्त्याचा वाटा मोठा आहे. संशोधक आपण होऊन गेले असते तर दगडी थडग्यांकडे गेले असते, कारण ती लांबून दिसतात. रस्त्याला असली निवड नसते, तो कुणाच्याही शेतातून जातो. म्हणून मेलेल्यांच्या जोडीला जगणाऱ्यांचाही पत्ता लागला. मोनाहन परगण्यात मोनॅनीला 2003 साली बायपासच्या वाटेवर एकाच ठिकाणी तीन घरं निघाली. आज देशभरातल्या अशा घरांची संख्या ऐंशीच्या वर आहे आणि त्यातली कितीतरी रस्ते, पाइपलाइन, खाणी यांच्या कामात सापडलेली.

पण हे आपोआप झालेलं नाही. इथे रस्तेबांधणी प्राधिकरणाने 2000 साली सरकारबरोबर आचारसंहिता केली आणि स्वतःचे पुरातत्त्वज्ञ नेमले. उत्खननाचा खर्च रस्त्याच्याच बजेटमधून, अहवाल छापायचा तोही त्यातूनच. सगळं गोड झालं असंही नाही. टारा या आयर्लंडच्या जुन्या राजांच्या टेकडीजवळून जाणाऱ्या एम-तीन महामार्गावरून केवढा वाद पेटला होता. त्याच्याच वाटेवर लिस्मलिनला 2007 मध्ये लोहयुगातलं लाकडी खांबांचं मोठं वर्तुळ सापडलं, त्याची नोंद केली आणि त्यावरून रस्ता नेला. तिथे नुसती नोंद पुरेशी नव्हती असं मला आजही वाटतं. शेतातल्या एका घरापुरती मात्र नोंद मला चालते.

आपल्याकडे प्राचीन स्मारकांसाठी 1958 चा कायदा आहे, 2010 ची दुरुस्ती आहे, संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बंदी आणि पुढे 200 मीटर नियंत्रण आहे. ज्या टेकाडावर पाटीच नाही त्याचं काय? खरं तर जुन्या वस्तीच्या जागेला आपल्याकडे आयता शब्द आहे. शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी. इनामगावला घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 खणलं आणि शंभरावर घरं काढली, तेही असंच पांढरीचं टेकाड. एवढा नेमका शब्द असलेल्या लोकांनी महामार्गाची आखणी करताना गावोगावच्या पांढऱ्या आधी नकाशावर घ्यायला काय हरकत आहे?

आमच्या आजोबांचं घर धाब्याचं होतं. दर उन्हाळ्यात पांढरीतून गाडीभर माती आणून माळवदावर पसरायची, म्हणजे पावसात गळत नाही. त्या मातीत खापऱ्या असायच्या, लाल, एखादीवर काळी रेघ. आम्ही त्या लगोरीला वापरायचो. आजोबांमागे घर पडलं, तेव्हा जेसीबीने ती सगळी माती ट्रॉलीत भरली आणि गावच्या नव्या रस्त्याच्या भरावात नेऊन टाकली.