अठरा पूर्ण आहेत काय?

इंग्लंडमध्ये साठी ओलांडलेल्या माणसाचे वय सरकारला जितके पाठ असते, तितके ते त्याच्या सख्ख्या भावालाही नसेल. मला साठ वर्षे पूर्ण झाली आणि औषधांच्या चिठ्ठीचे पैसे घेणे बंद झाले, डोळे फुकट तपासून मिळू लागले, सकाळी नऊनंतर लंडनच्या बसमधून आणि ट्यूब या भुयारी रेल्वेतून मोफत हिंडण्यासाठी छायाचित्र असलेले कार्डही मिळाले. आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी शौचाचा नमुना पाठवायची छोटी नळी तर न मागता, दर दोन वर्षांनी, सचित्र सूचनांसह टपालाने घरी येते. असा सगळा देश मला म्हातारा म्हणून सांभाळून घेत असताना माझ्याच खिशातल्या, माझ्याच पैशांनी घेतलेल्या फोनने एका अपडेटनंतर मला विचारले की, आपण अठरा वर्षांचे आहात याला पुरावा काय?

या प्रश्नाचे मूळ इथल्या ऑनलाइन सेफ्टी ॲक्टमध्ये आहे. हा कायदा ऑक्टोबर २०२३ मध्ये संमत झाला आणि मुलांच्या संरक्षणाची त्यातली बंधने २५ जुलै २०२५ पासून लागू झाली. अश्लील मजकूर दाखवणाऱ्या संकेतस्थळांनी येणाऱ्याचे वय खात्रीने तपासावे, नाही तर १ कोटी ८० लाख पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तितक्या दंडाची तयारी ठेवावी, असा हा मामला आहे. हेतूबद्दल माझे काही म्हणणे नाही. लहान मुलांच्या हाती काय काय लागते ते मीही पाहतो. मात्र फोनने आपल्या मालकाचीच झडती घ्यावी, असे त्या कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. दंडाचा नुसता वास आला तरी कंपन्यांना कर्तव्याचा उमाळा येतो, आणि तो ग्राहकाच्या अंगावर येतो, इतकेच.

वय सिद्ध होईपर्यंत फोनने मला बालकांच्या यादीत टाकले. त्याचा पहिला फटका माझ्या प्रोस्टेटला बसला. ग्रंथी थोडी वाढली आहे, काळजीचे कारण नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे काळजी वाटून मी त्याविषयी वाचायला गेलो, तर हा मजकूर केवळ प्रौढांसाठी असल्याचे उत्तर मिळाले. बहुतकरून पन्नाशीनंतर सुरू होणाऱ्या या दुखण्याची माहिती वाचण्यापासून नेमक्या कोणत्या बालकाला वाचवायचे होते, ते कळायला मार्ग नव्हता.

पुरावा म्हणून काय चालेल, याची यादी फोनने दिली होती. इथला वाहन परवाना चालणार होता; पण बस फुकट असताना मी गाडी कशाला चालवू? माझा भारतीय पासपोर्ट त्या यादीत नव्हता. इथल्या कायम वास्तव्याचे माझे गुलाबी कार्ड ३१ डिसेंबर २०२४ ला गतप्राण झाले, कारण गृहखात्याने कार्डे बंद करून सगळ्यांना ई-व्हिसा दिला. हा ई-व्हिसा हातात धरता येत नाही, तो ऑनलाइनच पाहावा लागतो, आणि मी तो फोनवरच पाहतो. म्हणजे फोनला दाखवायचा पुरावा फोनमध्येच होता, आणि फोन त्याला ओळख देत नव्हता. पासपोर्ट चालला असता तरी मी तो खुशीने दिला असता असे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्येच डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने जाहीर केले होते की, वय तपासण्यासाठी लोकांनी दिलेल्या ओळखपत्रांची सुमारे ७०,००० छायाचित्रे चोरट्यांच्या हाती लागली असण्याची शक्यता आहे.

मग चेहरा पाहून यंत्राने वयाचा अंदाज बांधण्याचा मार्ग उरला. पडद्यावर एक वर्तुळ आले. चेहरा वर्तुळात ठेवा, जवळ या, इतके जवळ नको, हळूहळू डावीकडे वळा, प्रकाश अपुरा आहे. डिसेंबरात लंडनमध्ये चारलाच अंधारते, तेव्हा प्रकाश अपुरा असण्यात माझा काय दोष? पत्नी टेबलावरचा दिवा घेऊन माझ्या डोक्यामागे उभी राहिली, तर यंत्राला तिचाही चेहरा दिसू लागला आणि वर्तुळात एकाच व्यक्तीने यावे, अशी तंबी मिळाली.

"अहो, चष्मा काढा. आणि हसू नका, हसलात की लबाड दिसता."

चष्मा काढल्यावर पुढच्या सूचना मला दिसेनात, म्हणून त्या ती वाचून दाखवू लागली आणि मी कवायत केल्यासारखी मान फिरवू लागलो. बराच वेळ गोल गोल फिरून यंत्राने कळवले की, आपले वय ठरवता आले नाही.

"कसे ठरवणार?" पत्नी म्हणाली. "तुमच्या पत्रिकेत एक तारीख, दाखल्यावर दुसरी. माझ्या वडिलांनासुद्धा ठरवता आले नव्हते."

यात तथ्य आहे. माझी आई सांगे की, पानशेतचे धरण फुटले त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी झालो. पानशेत फुटले १२ जुलै १९६१ ला, पोळा त्यानंतरचा. पण शाळेच्या जनरल रजिस्टरात माझी जन्मतारीख आहे १ जून १९६१, अंकी आणि अक्षरी. माझ्या पिढीतल्या असंख्य मराठी माणसांचा जन्म १ जूनला झालेला आहे, कारण शाळा जूनमध्ये उघडत आणि प्रवेशाच्या वेळी वय भरलेले दाखवणे ही गुरुजींची जबाबदारी असे. लंडनच्या महाराष्ट्र मंडळात ओळख झालेल्या माझ्या वयाच्या मंडळींना त्या एका दिवशी शुभेच्छा पाठवल्या की वर्षाची सोय होते.

गुरुजींची वय तपासण्याची पद्धतही चेहरा वाचण्याच्या या तंत्राहून फार वेगळी नव्हती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडता आला की मूल शाळेच्या वयाचे झाले. माझी बोटे कानाच्या वरच्या कडेपर्यंत पोहोचेनात, तेव्हा वडिलांकडे एकवार पाहून गुरुजींनी माझी मान हलकेच कलती केली, कान हाताला लागला, आणि त्यांनी दौतीत टाक बुडवला. त्या एका ओळीवर पुढे माझे मॅट्रिक, नोकरी, पासपोर्ट, व्हिसा आणि मोफत बस असे सगळे उभे राहिले. त्या यंत्राला मान कलती करून देणारे कोणी नसते, हीच त्याची उणीव आहे. ज्यांना अडवायचे, ते मात्र आपापली मान कलती करून घेतात. कायदा लागू झाला त्याच आठवड्यात ब्रिटनमधल्या डाउनलोडच्या यादीत व्हीपीएनची, म्हणजे आपण कोणत्या देशात आहोत ते लपवणारी, ॲप सर्वांत वर गेली, आणि काही बहाद्दरांनी व्हिडिओ गेममधल्या दाढीवाल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्यापुढे धरून वय सिद्ध केले.

माझ्यापुढे शेवटचा उपाय होता क्रेडिट कार्डाचा. या देशात डेबिट कार्ड शाळकरी पोरांनाही मिळते, क्रेडिट कार्ड अठराच्या आत मिळत नाही. मी जन्मभर अंथरूण पाहून पाय पसरले, उधारीचे कार्ड कधी घेतले नाही. आणि आता सज्ञान ठरण्यासाठी कर्जबाजारी होण्याची पात्रता दाखवायची होती. बँकेच्या अर्जात मी जन्मतारीख १ जून लिहिली. निवृत्त माणसाला हजारो पौंड उधार देताना बँकेला काडीचीही शंका आली नाही. आठवड्याभरात कार्ड आले, त्याचा क्रमांक टाकताच फोनने मला प्रौढ म्हणून मान्यता दिली.

महिनाभराने पत्नीच्या फोनवर तोच प्रश्न उमटला. तिची जन्मतारीखही १ जूनच आहे. नव्या कार्डाची कशी मदत होईल, ते मी तिला समजावू लागलो, तोवर तिने 'माझे वय अठरापेक्षा कमी आहे' हा पर्याय दाबून फोन पर्समध्ये टाकलाही होता. तिचे काहीच अडलेले नाही. उलट तिला जुगाराच्या जाहिराती दिसेनाशा झाल्या आहेत, आणि मी तिच्या फोनला हात लावला की ती म्हणते, "राहू द्या, तुम्ही मोठी माणसं."